माईने नाव घेतलं तेव्हा

माझा व्यवसाय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "अंधारात बसून बडबड करते." पुण्यातल्या नातेवाइकांना हे उत्तर दिलं की ते माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात. सुहास बिचारा जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावी एका मोठ्या कंपनीत इंजिनियर, चारचौघांत सांगता येईल असं काम करणारा, आणि त्याची बायको ऊठसूट बर्लिनला जाऊन अंधारात बडबडते! आता मी निवृत्त झाले आहे, वेळच वेळ आहे, तेव्हा एकदाचं हे प्रकरण ऐसपैस सांगूनच टाकते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जर्मनीत हिंदी सिनेमाचं वेड अचानक उफाळून आलं होतं. टीव्हीवर आपले सिनेमे जर्मनमध्ये डब होऊन लागायचे. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई, जिने जन्मात मिरपुडीपलीकडे मसाला खाल्ला नव्हता, ती मला जिन्यात गाठून विचारायची, की तुम्ही नवऱ्याला चाळणीतून कधी बघता? आमच्या महाराष्ट्रात नवऱ्याला बघायला चाळणी लागत नाही, हे तिला काही केल्या पटायचं नाही.

या वेडामुळे गावोगावच्या छोट्या चित्रपट महोत्सवांत भारतीय सिनेमे येऊ लागले. पण जर्मन माणसाला पडद्यावरची अक्षरं वाचायचा भारी कंटाळा. लहानपणापासून सगळं जग त्याच्याशी जर्मनमध्ये बोलत आलेलं. आणि एकदाच दाखवायच्या प्रिंटवर जर्मन अक्षरं कोरून घेणं कुणालाच परवडत नाही. मग काय करायचं, तर थिएटरच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली असते. तिच्यात एक माणूस माइक घेऊन बसतो. प्रेक्षकांना आत येताना हेडफोन देतात. पडद्यावर जे जे कुणी बोलेल ते ते हा माणूस तिथल्या तिथे जर्मनमध्ये बोलतो. नायक मी, खलनायक मी, नायकाची म्हातारी आजी मी, आणि पोपट असला तर पोपटही मीच. याला जर्मनमध्ये 'आइनश्प्रेखेन' म्हणतात.

या कामाचे नियम मला एका पोलिश बाईंनी शिकवले. त्यांनी अर्धं आयुष्य त्या काचेच्या खोलीत काढलं होतं. पहिला नियम, अभिनय करायचा नाही. पडद्यावरचा माणूस रडत असला तरी आपण रेल्वेच्या उद्घोषकासारखं बोलायचं, कारण रडण्याचे पैसे त्याला मिळालेले आहेत. दुसरा, नटाच्या अर्धं वाक्य मागे राहायचं, म्हणजे त्याचा खरा आवाज लोकांच्या कानात आधी जातो आणि अर्थ पाठोपाठ. तिसरा नियम सांगताना त्यांनी माझ्यासमोर बोट नाचवलं होतं. पडद्यावर कुणी बोलत नसेल तेव्हा तोंड मिटून बसायचं. स्वतःच्या पदरचा एक शब्दही घालायचा नाही. आणि खोकला आला तर टेबलावरचं खोकल्याचं बटण दाबायचं, ते दाबलं की माइक तेवढ्यापुरता मुका होतो.

मला हे काम वेड्यासारखं आवडलं. दिवे मालवले की मी खुर्चीच्या टोकाला जी सरकायचे, ती शेवटपर्यंत मागे टेकायचे नाही. मुलांच्या एका सिनेमात चोर दाराआड लपला होता, तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून, पडद्याकडे पाठ करून, माझ्या खोलीकडे बघत ओरडली होती, "तो दारामागे आहे! सांग ना त्याला!" तिच्या लेखी तो मुलगा म्हणजे मीच होते. एक आजोबा माझ्या प्रत्येक खेळाला यायचे आणि डोळे मिटून बसायचे. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही छान निवांत बोलता हो, पण चित्रं फार हलतात." असे आमचे प्रेक्षक.

आता मुख्य गोष्ट.

बर्लिनच्या एका छोट्या महोत्सवात तीन भागांची एक चित्रमालिका आली. मुंबईतल्या एका गुन्हेगार घराण्याची कथा. शुक्रवारी पहिला भाग, शनिवारी दुसरा, रविवारी दुपारी तिसरा. बाहेर सगळा हिंदी कारभार, पण घरात ही माणसं मराठी बोलतात. आधी त्यांनी जो हिंदीचा दुभाषा ठरवला होता तो घरातल्या प्रसंगांना येऊन अडकला, आणि माझा फोन वाजला. तिन्ही भागांच्या कॅसेट पोस्टाने घरी आल्या. आमच्या दिवाणखान्यात महिनाभर गोळीबार सुरू होता.

गोष्ट थोडक्यात सांगते. दौलत धामणकर हा गोदीतला एक हमाल. घड्याळांच्या चोरट्या मालापासून सुरुवात करून तो अख्ख्या बंदराचा मालक होतो. हा पहिला भाग. दुसऱ्या भागात टोळीयुद्ध पेटतं आणि त्याचा थोरला मुलगा मारला जातो. तिसऱ्यात उरतो धाकटा नंदू. त्याला या सगळ्याचा वीट आलाय, आणि तो कोर्टात बापाविरुद्ध साक्ष द्यायचं ठरवतो. या तिन्ही भागांत स्वयंपाकघराच्या दारात उभी असते ती माई, दौलतची बायको. फारसं बोलत नाही. बोलली तर "अहो, जेवायला चला," "अहो, नंदूला ताप आलाय," एवढंच. मला त्या नटीचं इतकं अप्रूप वाटलं, की टेप मागे नेऊन नेऊन मी तिचं नुसतं उभं राहणं बघायचे.

पण या "अहो"ने मला छळलं. जर्मनमध्ये बायको नवऱ्याला "अहो" कसं म्हणणार? शब्दशः केलं तर "ऐका हो महाशय" असं काहीतरी होतं, आणि असं इथे फक्त भांडताना दुकानदाराला म्हणतात. सभागृह हसलं असतं. जर्मन बायको नवऱ्याला सरळ नावाने हाक मारते. मग मीही तसंच केलं. जिथे जिथे माई "अहो" म्हणाली, तिथे तिथे मी "दौलत" म्हटलं. "दौलत, जेवायला चल." कानाला गोड, ओठांच्या हालचालीत बसणारं, कुणालाही खटकणार नाही असं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मी स्वतः नवऱ्याला कॉलेजपासून सुहास म्हणत आले आहे, त्यामुळे मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही.

दिसलं ते आमच्या सासूबाईंना. त्या तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. मी टीव्हीसमोर सराव करत होते आणि त्या सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"अगं, ती सारखं दौलत दौलत काय म्हणतेय?"

"ती नाही, मी म्हणतेय, आई. जर्मनमध्ये असंच म्हणतात."

"ती बाई जीव गेला तरी नाव घ्यायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू खुशाल घेतेस."

मी हसून टेप पुढे नेली. सासूबाईंनी आयुष्यात सासऱ्यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही लाजत. बँकेत विचारलं तरी त्या शेजारच्या माणसाकडे बघायच्या, की तुम्ही सांगा. मला ती त्यांची गंमत वाटायची.

शुक्रवार आणि शनिवार झकास गेले. सभागृह भरलेलं होतं. एका वाहिनीसाठी सिनेमे विकत घेणाऱ्या फ्राऊ ब्रांट दोन्ही दिवस पाचव्या रांगेत बसल्या होत्या. महोत्सवाच्या लोकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तिन्ही भाग घ्यायचे की नाही, ते त्या तिसरा बघून ठरवणार. आणि तिसरा भाग लेचापेचा होता, हे मला कॅसेटवरून ठाऊक होतं. भारतात तो साफ पडला होता. शेवटी शत्रूची टोळी नंदूला भर बाजारात मारते, दौलत बंदूक घेऊन एकटा सगळ्यांना लोळवतो, मागे गाणं, आणि इन्स्पेक्टर त्याला सलाम ठोकतो. तीन भागांच्या शोकांतिकेला असलं शेपूट! मला ते बोलायचीही लाज वाटत होती.

रविवारी दुपारी दिग्दर्शक देवस्थळी विमानतळावरून थेट थिएटरवर आले. पन्नाशीचा, बारीक, डोळे लाल झालेला माणूस, छातीशी एक कापडी पिशवी धरलेली. मी नमस्कार केला. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"ताई, मग माझी काळजीच मिटली! शेवट इथे निदान तुम्हाला तरी कळेल."

मी म्हटलं, "कळलाय." बंदूक, गाणं, सलाम, त्यात न कळण्यासारखं काय होतं? ते माझ्याकडे जरा विचित्र बघून प्रोजेक्टरच्या खोलीकडे धावत गेले. मी माझ्या काचेच्या खोलीत जाऊन पाण्याचा ग्लास भरून ठेवला.

त्या पिशवीत काय होतं, ते मला नंतर कळलं. तेव्हा सिनेमा रिळांवर यायचा, वीसेक मिनिटांचं एक रीळ. पिशवीत तिसऱ्या भागाचं शेवटचं रीळ होतं, देवस्थळींनी मुळात काढलेलं. निर्मात्याने ते नाकारून बंदूक आणि सलाम घालायला लावला होता. हा खरा शेवट भारतात कुणीही पाहिलेला नव्हता. एका मित्राच्या प्रयोगशाळेत त्याची एकच प्रिंट निघाली होती, आणि ती मांडीवर घेऊन हा माणूस मुंबईहून आला होता. तो शेवट इथे लोकांना भिडला, तर वाहिनी तोच घेईल आणि तो जगात राहील. नाही भिडला, तर त्या रिळाला परत पिशवीत जावं लागणार, ते कायमचंच.

प्रोजेक्टर चालवणारे हेर लांगे (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) हे शिस्तीचे गृहस्थ. सकाळी तपासलेल्या प्रिंटला ते दुपारी कुणाला बोट लावू देत नसत. देवस्थळींना जर्मन येत नव्हतं, लांगेंना जर्मनशिवाय काही येत नव्हतं. पण देवस्थळींनी डब्याकडे, स्वतःच्या छातीकडे आणि मग चक्क लांगेंच्या पायांकडे हात नेल्यावर लांगे घाबरले. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून हातभर पाहिली, आणि "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर, असं म्हणत रीळ बदललं.

मला मात्र कुणीच सांगितलं नाही. लांगेंना वाटलं, दिग्दर्शक आणि ही बाई एकाच देशाचे, एकाच भाषेचे, त्यांचं बोलणं झालंच असणार. देवस्थळींना वाटलं, जर्मनी आहे, इथे सिस्टिम असते, जिथे जे कळवायचं ते आपोआप कळवलं जात असेल. ती सिस्टिम म्हणजे मीच होते, आणि मी पाण्याचा घोट घेत बसले होते.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीची रिळं ठरल्याप्रमाणे गेली. नंदू साक्षीला तयार झाला. शेवटचं रीळ लागलं, मी माझ्या कागदावरचं पान उलटलं, बाजारातल्या कोथिंबीरवालीचं पहिलं वाक्य जिभेवर तयार ठेवलं, आणि पडद्यावर बाजार आलाच नाही.

पडद्यावर धामणकरांचं स्वयंपाकघर होतं. नंदू जेवायला बसला होता. माई पोळी वाढत होती.

 क्षणभर वाटलं लांगेंनी रिळं उलटीपालटी केली. मी कागद बाजूला ढकलला. नंदू म्हणाला, "माई, बस ना माझ्याबरोबर." मी ते म्हटलं. माई म्हणाली, "तुझं होऊ दे." मी तेही म्हटलं. समोर काय येणार याची कल्पना नाही, सभागृह गच्च भरलेलं, पाचव्या रांगेत फ्राऊ ब्रांट, आणि माझी जीभ नटाच्या अर्धं वाक्य मागे पळतेय! इतकी घाबरलेली आणि इतकी आनंदात मी आयुष्यात एकाच वेळी कधी नव्हते. कारण दोनचार वाक्यांतच मला कळलं होतं, की हे काहीतरी फार मोठं चाललंय.

आतल्या खोलीतून दौलत बाहेर आला. म्हातारा, बनियनवर. तो नंदूच्या मागे येऊन उभा राहिला. कॅमेरा मात्र माईवर गेला आणि तिथेच थांबला. आपल्याला काहीच दिसत नाही, फक्त एक गोळीचा आवाज येतो. माई तव्यावरची पोळी तशीच ठेवते. मग हात पुढे करून गॅस बंद करते.

बापाने पोराला मारलं होतं. निर्मात्याला हा शेवट का नको होता, ते मला त्या गॅसच्या बटणाशी कळलं.

मग पोलीस आले. दौलत बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेला. "बाहेरून कुणीतरी मारलं," तो म्हणाला. त्याच्या माणसांनी एकेक करून तेच म्हटलं. बाहेरून कुणीतरी. शेवटी इन्स्पेक्टर माईसमोर आला.

"बाई, तुम्ही घरात होतात?"

"होते."

"कुणी मारलं, माहीत आहे?"

"आहे."

"कुणी?"

माईने मान खाली घातली आणि म्हणाली, "ह्यांनी."

माझं तोंड उघडलं होतं. दोन दिवसांची सवय. माईचं "अहो", माईचं "हे", माईचं "ह्यांना", सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तो जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. तो "द" ओठांबाहेर पडणार एवढ्यात मी खोकल्याच्या बटणावर हात आपटला. का आपटला, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. सासूबाईंचा शेंगा सोलतानाचा चेहरा डोळ्यांसमोर आला एवढं खरं. बटण सोडून मी जर्मनमध्ये म्हटलं, "त्याने."

इन्स्पेक्टरने वही खाली घेतली. "ह्यांनी, असं मला लिहिता येत नाही, बाई. तुमच्या तोंडून नाव आलं पाहिजे. नाव घ्या."

मागच्या रांगेत बर्लिनच्या विद्यापीठातल्या दोन मराठी मुली बसल्या होत्या. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "आई गं!" तिला कळलं होतं. मलाही कळलं. पहिल्या भागापासून या बाईने नवऱ्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. दिग्दर्शकाने तीन सिनेमे तिला दारात उभं करून फक्त "अहो" म्हणायला लावलं, ते या एका प्रश्नासाठी. जन्मभर न घेतलेलं नाव तिने घ्यायचं, तेही पोलिसाला द्यायला. आणि सभागृहातल्या जर्मन लोकांनी ते नाव तिच्या तोंडून दोन दिवसांत कितीतरी वेळा ऐकलेलं होतं! जेवायला बोलवताना, चहा देताना, ताप आला तेव्हा. त्यांच्या दृष्टीने ही बाई आता नवऱ्याचं नाव सांगेल आणि सिनेमा संपेल. देवस्थळींनी मांडीवरून आणलेला शेवट मी आधीच, अगदी सफाईने, वाया घालवून ठेवला होता.

पडद्यावर माई काही बोलत नव्हती. ती मोरीपाशी गेली. हात धुऊ लागली. कणीक निघत नव्हती बोटांची.

ही शांतता. इथे तोंड मिटून बसायचं. पोलिश बाईंचं नाचतं बोट मला स्पष्ट दिसत होतं. एवढी वर्षं मी तो नियम पाळला होता, कंटाळवाण्या सिनेमांतल्या लांबलचक शांततांमध्येसुद्धा. माईने हात पुसले. नंदूच्या ताटावर दुसरं ताट झाकलं. मी माइक जवळ ओढला आणि रेल्वेच्या उद्घोषकाच्याच आवाजात म्हटलं:

"दुभाषी बोलते आहे. अशा घरातली बायको नवऱ्याचं नाव कधीही तोंडाने घेत नाही. तिन्ही सिनेमांत हिने ते एकदाही घेतलेलं नाही. तुम्ही ऐकलंत ते मी घेत होते."

काचेतून मला सगळी डोकी दिसत होती. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने हेडफोन कानांवरून काढून गळ्यात घातला. तिच्या शेजारच्याने काढला. मग पाचव्या रांगेत, मग बाजूला, मग मागे, प्लॅस्टिकची ती बारीक टकटक सगळ्या सभागृहातून ऐकू आली. माझे ते डोळे मिटून बसणारे आजोबा पुढे वाकून पडद्याकडे बघत होते.

माईने पदर डोक्यावर घेतला. इन्स्पेक्टरसमोर येऊन उभी राहिली. मी खोकल्याचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"दौलत," माई म्हणाली. थांबली. "दौलत सखाराम धामणकर."

खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, की मी काचेच्या खोलीत ढसाढसा रडले. बटण दाबलेलं होतं म्हणून बरं. पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली, संगीत नाही, काही नाही. कुणी उठेना. दिवे लागले तरी लोक बसून होते, आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. फ्राऊ ब्रांटनी तिन्ही भाग घेतले, त्या शेवटच्या रिळासकट. निर्माता आधी ओरडला आणि मग आपणच तो शेवट सुचवला होता, असं सगळीकडे सांगू लागला. डबिंगच्या वेळी मला सल्लागार म्हणून बोलावलं. संवाद लिहिणारा तरुण डोकं खाजवत म्हणाला, "आल्झो, म्हणजे ती त्याला काहीच म्हणणार नाही? तीन सिनेमे?" मी म्हटलं, "काहीच नाही." मी त्याच्याशी दोन दिवस भांडले, आणि जर्मन माईच्या तोंडात शेवटपर्यंत ते नाव येऊ दिलं नाही. टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी घरी बसून पाहिला. आवाज देणारी नटी फार चांगली होती. तरीही मला हळहळ वाटली, कारण ते नाव तिथे एका जर्मन बाईने घेतलं, आणि आमच्या माईचा आवाज त्याखाली पुसला गेला. माई स्वतः नाव घेतेय, हे या देशात फक्त त्या रविवारच्या माणसांनी ऐकलं.

तर त्या रविवारी. टाळ्या चालूच होत्या आणि मी नाक पुसत होते, तेवढ्यात लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि देवस्थळी माझ्या खोलीच्या दारात आले. चेहरा पांढराफटक. ते पहिल्या रांगेत बसले होते, हेडफोन न लावता. स्वतःच्याच सिनेमाला त्यांना तो कशाला लागणार? त्यामुळे मी मध्ये काही बोलले, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पडद्याकडे पाठ करून ते लोकांचे चेहरे बघत होते.

"ताई, काय झालं? मशीन बंद पडलं का?" ते माझ्या माइककडे बघत म्हणाले. "नेमकं त्याच वेळी! माई नाव घेणार आणि सगळ्यांनी ते कानावरचं काढून टाकलं. एकूण एक माणसाने! माझ्या डोळ्यांदेखत! त्यांना काहीच कळलं नसणार. टाळ्या काय, पाहुणा म्हणून वाजवतायत. संपलं सगळं, ताई."

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. उरलेलं पाणी दिलं. माझा हुंदका अजून पुरता थांबला नव्हता, त्यामुळे सरळ बोलायला जरा वेळ लागला.

"मशीन चालू होतं," मी म्हटलं. "तिने आजवर नाव घेतलेलं नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. मग त्यांना ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं."